मुसेंगचेला वारंवार पाणी सुटते: कोरियन तिखट मुळ्याच्या कोशिंबिरीचे समस्या निवारण

मुसेंगचे ही कोरियन जेवणातील अगदी साधी ‘बानचान’, म्हणजे भाताबरोबर लहान वाटीत वाढले जाणारे तोंडीलावणे आहे. कच्च्या मुळ्याच्या काड्या, गोचुगारू ही भरड लाल मिरची, मीठ, साखर, लसूण, कांद्याची पात, कधी व्हिनेगर आणि कधी मासळीचा आंबवलेला खारट रस एवढ्यावर ती होते. शिजवण्याचे काम त्यात नाही. तरीही घरी करणाऱ्यांची तक्रार जवळपास नेहमी एकच असते. कालवताना कोशिंबीर लालभडक, कुरकुरीत आणि चवदार दिसते. पुढच्या जेवणापर्यंत भांड्याच्या तळाशी तांबूस पाणी साचते, मसाला त्या पाण्यात उतरतो आणि वर उरलेल्या काड्या फिक्या, मऊ व बेचव लागतात. पाककृती बदलली, मीठ कमी केले, मिरची वाढवली, तरी पुढच्या वेळी तेच होते.

याचे मूळ कारण सोपे आहे. मुळ्यात वजनाच्या सुमारे ९५ टक्के पाणी असते आणि मीठ किंवा साखर त्याच्या कापलेल्या कडेला लागताच आतल्या पेशींतले पाणी बाहेर ओढले जाऊ लागते. हे थांबवता येत नाही. आपल्याकडे काकडीच्या किंवा मुळ्याच्या कोशिंबिरीत मीठ अगदी वाढायच्या वेळी घालून ही अडचण टाळली जाते. मुसेंगचेच्या बाबतीत ती पळवाट अर्धीच उपयोगी पडते, कारण इथे मसाला प्रत्येक काडीला चिकटून मुरायचा असतो आणि पदार्थ पुष्कळदा दोन-तीन दिवस पुरवायचा असतो. म्हणून पाणी सुटू न देण्याच्या खटपटीपेक्षा ते मसाला लागण्याआधी सुटावे की नंतर, आणि नंतर सुटले तर किती चालेल, हे आधी ठरवणे अधिक उपयोगाचे आहे. पुढचे सर्व उपाय याच एका निर्णयाशी जोडलेले आहेत.

पाणी केव्हा दिसते, ते आधी पाहावे

उपाय करण्यापूर्वी पाणी नेमके कोणत्या टप्प्यावर सुटते ते लक्षात घ्यावे, कारण तीन वेगळ्या वेळी दिसणाऱ्या पाण्याची कारणे तीन वेगळी असतात. कालवल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांतच तळाशी पाणी जमत असेल, तर मुळा आधी मिठात ठेवून पिळलेला नाही किंवा पुरेसा पिळलेला नाही. पिळून घेतल्यानंतर कोशिंबीर कोरडी दिसली, पण तासा-दोन तासांनी पाणी आले, तर दोष बहुधा मागाहून घातलेल्या साखरेचा आणि पातळ पदार्थांचा असतो. या पाण्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. आणि रात्रभर फ्रिजमध्ये राहिल्यावर पुष्कळ पाणी सुटून मुळा अगदी लिबलिबीत झाला असेल, तर मुळा कापण्याची पद्धत, त्याची जात किंवा फ्रिजमधली जागा यांपैकी काहीतरी चुकले आहे असे समजावे.

आपण कोणते मुसेंगचे करत आहोत

कोरियातही मुसेंगचे एका ठरावीक पद्धतीने होत नाही, आणि गोंधळाचा मोठा भाग दोन पद्धतींची सरमिसळ केल्यामुळे होतो. पहिली पद्धत व्हिनेगर आणि साखरेची आहे. ती आंबट-गोड, हलकी असते, जेवणाच्या थोडे आधी कालवतात आणि त्याच जेवणात संपवतात. दुसरी किमचीच्या, म्हणजे आंबवलेल्या तिखट भाज्यांच्या, जवळ जाणारी आहे: तीत व्हिनेगर नसते, लसूण अधिक असते, खारटपणासाठी अँचोव्ही मासळीपासून केलेले ‘एकजॉत’ किंवा खारवलेली बारीक कोळंबी म्हणजे ‘सेउजॉत’ घालतात, आणि ती काही दिवस टिकते. उकडलेल्या डुकराच्या मांसाबरोबरच्या बोस्साम या जेवणात जो तिखट मुळा येतो तोही याच दुसऱ्या घराण्याचा, फक्त त्याचे पाणी आणखी कसून काढलेले असते.

पहिल्या पद्धतीत मुळा आधी मिठात ठेवण्याची गरज नाही. कित्येक कोरियन गृहिणी तर मुळीच पिळत नाहीत. गोड, कसदार मुळ्याचा रस टाकून देणे त्यांना पटत नाही, आणि मुळा तसा असेल तर त्यांचे बरोबरच आहे. अशा वेळी थोडा रस सुटला तरी तो भातावर घ्यायला चांगला लागतो. मात्र ती कोशिंबीर दुसऱ्या दिवसासाठी ठेवली की तक्रारीला सुरुवात होते. दुसरी पद्धत दोन-तीन दिवस पुरवायची असेल तर मिठात ठेवून पिळणे टाळू नये. माझ्या मते, एकदाच करून दोन-तीन जेवणांना पुरवणाऱ्या घरांनी सरळ दुसरीच पद्धत धरावी आणि व्हिनेगर हवे असल्यास ते वाढताना, वाटीपुरते घालावे.

मुळा: पाककृती ज्याबद्दल बोलत नाही

कोरियन पाककृती ज्या मुळ्यासाठी लिहिलेली असते तो आपल्या बाजारातला मुळा नव्हे. कोरियन मुळा आखूड, जाडजूड, पानांकडच्या बाजूला हिरवट असतो; एकेक मुळा एक ते दोन किलोंचा भरतो. त्याचा गर घट्ट असतो, पाणी तुलनेने कमी आणि गोडी जास्त. त्यातही शरद ऋतूतला, म्हणजे नोव्हेंबरच्या सुमारास निघणारा मुळा सर्वांत चांगला मानतात. हिवाळ्यासाठी किमचीचा साठा करण्याचा ‘किमजांग’ हा सामुदायिक उद्योगही, ज्याची युनेस्कोने २०१३ मध्ये मानवाच्या अमूर्त वारशात नोंद केली, याच हंगामात होतो. त्यानंतर जेजू बेटावरचा हिवाळी मुळा बाजारात येतो. उन्हाळी मुळा मात्र कोरियातही उग्र आणि कडसर निघतो, आणि तिथल्या घरांतही उन्हाळ्यात साखरेचा हात थोडा सैल होतो.

महाराष्ट्रात मिळणारा पांढरा, लांब, निमुळता मुळा अधिक पाणीदार आणि अधिक तिखट असतो. थंडीतला मुळा कोवळा व गोडसर असतो. उन्हाळा-पावसाळ्यात येणारा मुळा बहुधा उष्णता सोसणाऱ्या जातींचा असतो, ‘पुसा चेतकी’ ही त्यांतली परिचित जात, आणि त्याचा उग्रपणा अधिक जाणवतो. परदेशात राहणाऱ्यांना जपानी डायकॉन सहज मिळतो. तो चवीला सौम्य असला तरी कोरियन मुळ्यापेक्षा मऊ व पाणीदार असतो. म्हणून कोरियन पाककृतीत मिठात ठेवण्याचा उल्लेख नसला, तरी आपला मुळा किंवा डायकॉन वापरताना तो टप्पा आपण होऊन घालावा.

निवडताना आकारमानाच्या मानाने जड लागणारा, सालीवर तुकतुकी असलेला मुळा घ्यावा. पाला असेल तर पानाचा देठ मुळाजवळ आडवा कापून पाहावा. देठ आतून पोकळ किंवा पांढरट भुसभुशीत दिसला तर मुळाही आतून तसाच असण्याची शक्यता मोठी असते. असा जून मुळा स्पंजासारखा असतो आणि त्याच्यावर कोणताही उपाय चालत नाही. घरी आणल्यावर पाला लगेच वेगळा करावा, कारण पाने मुळातले पाणी ओढत राहतात. पाल्याची भाजी वेगळी होईल.

कापल्यावर एक तुकडा वरच्या, पानांकडच्या भागाचा आणि एक शेपटीकडचा असा चाखून पाहावा. वरचा भाग गोड असतो, शेपटीकडे तिखटपणा वाढत जातो. मुसेंगचेसाठी वरचे दोन-तृतीयांश वापरावे आणि शेपूट सांबाराला किंवा पराठ्याला ठेवावी. वरचा तुकडाही स्पष्ट कडू लागला तर त्या दिवशी मुसेंगचेचा बेत सोडून द्यावा. कडू मुळ्यात साखर ओतून जे तयार होते ते कडू आणि गोड असे दोन्ही लागते. कोरियात अशा मुळ्याची तेलावर परतून, झाकण ठेवून ‘मुनामुल’ नावाची मऊ भाजी करतात, आणि शिजल्यावर तो उग्रपणा पुष्कळसा जातो.

किसणी बाजूला ठेवावी

मुळ्याचे तंतू उभे, म्हणजे पानांकडून शेपटीकडे जातात. मुळ्याचे आधी पाच-सहा सेंटिमीटर लांबीचे ठोकळे करावे, प्रत्येक ठोकळ्याचे उभे पातळ काप काढावे आणि ते काप एकावर एक ठेवून पुन्हा उभ्या काड्या चिराव्या. अशी काडी तंतूंच्या दिशेने कापली जाते, मिठात वाकते पण तुटत नाही आणि पाणी गेल्यावरही तिला चावण्यासारखा कुरकुरीतपणा राहतो. याउलट गोल चकत्या करून त्यांच्या काड्या चिरल्या की प्रत्येक काडीत तंतू आडवे तुटलेले असतात. अशा काड्या पिळताना मोडतात आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. आपला मुळा बारीक असल्यामुळे चकत्यांचा मोह होतो, हे खरे. मुळा फारच बारीक असेल तर निदान चकत्या पुष्कळ तिरप्या, लांबट कापाव्या, म्हणजे तडजोड त्यातल्या त्यात सुसह्य होते.

काडीची जाडी २ ते ३ मिलिमीटर असावी. याहून बारीक काडी पिळल्यावर दोऱ्यासारखी होते. याहून जाड असेल तर आत मीठ पोचायला वेळ लागतो, आणि मग बाहेरून कोरड्या दिसणाऱ्या काडीतून रात्रभर पाणी झिरपत राहते. कोरियन घरांत काड्या पाडण्यासाठी ‘चेखाल’ ही पात्याची पट्टी वापरतात. धारदार पाते असलेली पट्टी चालेल. मात्र गाजर हलव्यासाठी वापरतो ती दातेरी किसणी मुळीच वापरू नये. ती मुळा कापत नाही, फाडते. पेशी फुटल्यामुळे पाणी तत्काळ सुटते आणि उग्र वासही वाढतो. मुळ्याचा तिखटपणा अख्ख्या मुळ्यात तयार स्वरूपात नसतो. पेशी फुटल्यावर तिच्यातला एक गंधकयुक्त घटक आणि एक एन्झाइम एकत्र येतात आणि त्यातून झणका तयार होतो, म्हणून जितक्या पेशी जास्त फुटतील तितका मुळा जास्त उग्र.

पहिले पाणी: मीठ, वेळ आणि पिळणे

अर्धा किलो सोललेल्या मुळ्यासाठी ७ ते ८ ग्रॅम मीठ घ्यावे, म्हणजे मुळ्याच्या वजनाच्या सुमारे दीड टक्का. बारीक मीठ असेल तर हे साधारण सव्वा सपाट चहाचा चमचा होते. चमच्याच्या मापावर विसंबण्यापेक्षा वजन करणे चांगले, कारण खडेमीठ आणि बारीक मीठ एकाच चमच्यात वेगवेगळे भरते. दक्षिण कोरियाच्या नैऋत्य किनाऱ्यावरच्या सिनान भागातले भरड समुद्री मीठ गृहीत धरून सांगितलेला चमचा आपल्या बारीक मिठाने भरला तर पदार्थ खारट होणार हे उघड आहे. बाहेरून आणलेल्या पाककृतींत मीठ जास्त झाल्याची तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

याच मिठाबरोबर पाककृतीतली अर्धी साखर, म्हणजे अर्धा मोठा चमचा, मुळ्याला चोळावी. त्याचे कारण पुढे येईल. काड्या खालीवर करून पंधरा ते वीस मिनिटे ठेवाव्या आणि मध्ये एकदा हलवाव्या. काडी दोन्ही टोके जवळ येईपर्यंत वाकवली तरी मोडत नाही, ही वेळ झाल्याची खूण; घड्याळापेक्षा ही खूण अधिक विश्वासाची, कारण थंडीतला घट्ट मुळा वेळ घेतो आणि उन्हाळ्यातला पाणीदार मुळा दहा मिनिटांतच वाकू लागतो. पाऊण-एक तास ठेवला तर मुळा चिवट होतो आणि त्याचा ताजेपणा जातो. तसा मुळा किमचीत चालतो, मुसेंगचेत नाही.

नंतर मूठ-मूठ काड्या दोन्ही तळव्यांमध्ये दाबून पाणी काढावे. कपड्यासारखा पीळ देऊ नये, त्याने काड्या चिरडतात. अर्धा किलो मुळ्यातून पाव ते अर्धी वाटी पाणी निघणे स्वाभाविक आहे. यानंतर मुळा धुऊ नये, असे मी आग्रहाने म्हणेन. धुतल्यावर मुळा पुन्हा पाणी पितो आणि सगळी मेहनत वाया जाते. मीठ चुकून दुप्पट पडले असेल तरच थंड पाण्यात एकदा बुडवून लगेच काढावा आणि अधिक जोर लावून पिळावा. उग्रपणा जाण्यासाठी मुळा पाण्यात भिजत घालण्याचा सल्लाही कधीकधी दिला जातो. त्याने काड्या ताठ होतात हे खरे, पण तो ताठरपणा आत शिरलेल्या पाण्याचा असतो आणि तेच पाणी पुढे मसाल्यात उतरते. त्यापेक्षा पिळलेल्या काड्या परातीत पसरून दहा मिनिटे उघड्या ठेवल्या तर झणका काही प्रमाणात आपोआप उडून जातो. निघालेले खारट पाणी थालीपिठाच्या किंवा पराठ्याच्या कणकेत वापरता येते, फक्त वरून मीठ घालायचे नाही.

दुसरे पाणी: साखर आणि पातळ पदार्थ

नीट पिळूनही दोन तासांनी पाणी दिसते, तेव्हा बहुतेकांना वाटते की पिळणे कमी पडले. पुष्कळदा तसे नसते. साखरही मिठासारखीच पाणी ओढते, आणि पिळून झालेल्या मुळ्यात वरून एक-दोन मोठे चमचे साखर घातली की पाणी सुटण्याचा दुसरा फेरा सुरू होतो. म्हणूनच अर्धी साखर मिठाबरोबरच लावून घ्यायची: तिच्यामुळे येणारे पाणी पिळताना निघून जाते आणि गोडीचा काही भाग मुळ्यात उरतो. उरलेली साखर कालवताना घालावी आणि पूर्ण पाककृतीत ती अर्धा किलो मुळ्याला एका मोठ्या चमच्यापेक्षा जास्त होऊ देऊ नये. साखरेचा अतिरेक आणखी एका कारणाने नडतो. काही दिवस ठेवलेल्या कोशिंबिरीतला रस कधीकधी बुळबुळीत होऊन तार धरतो. आंबवण्याच्या क्रियेतले काही जिवाणू साखरेपासून तसा चिकट पदार्थ तयार करतात.

पातळ पदार्थांचा हिशेबही इथेच करावा. मोठा चमचाभर एकजॉत, मोठा चमचाभर व्हिनेगर, वर सोया सॉस, शिवाय पाण्याबरोबर वाटलेले आले-लसूण, असे घातल्यावर जे पाणी दिसते त्यातले बरेचसे आपणच ओतलेले असते. लसूण ठेचून किंवा बारीक चिरून घ्यावी, मिक्सरमध्ये पाणी घालून वाटू नये. गोचुजांग ही कोरियन मिरचीची आंबवलेली, गोड, घट्ट पेस्ट बाजारात सहज मिळते म्हणून ती गोचुगारूऐवजी वापरली जाते. तिने काड्या चिकट होतात, गोडी वाढते आणि पाणी अधिक सुटते. ती बिबिमबापवर, म्हणजे वाडग्यात भाज्यांबरोबर कालवून खायच्या भातावर, वेगळी घ्यावी.

एकजॉत अतिशय खारट असते, मोठ्या चमच्यात साधारण चार ग्रॅम मीठ असते. त्यामुळे मिठात ठेवलेल्या मुळ्यात आधी अर्धाच चमचा घालून चाखावे. मासळी न खाणाऱ्यांनी त्याऐवजी सोया सॉस थोडाच वापरावा, कारण तो रंग काळपट करतो. नुसत्या मिठावरही हा पदार्थ चांगला होतो. कोरियातील बौद्ध मठांच्या स्वयंपाकात मासळीचा रस नसतो, शिवाय लसूण आणि कांद्याची पातही वर्ज्य असते. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांना तसे मुसेंगचे बिनदिक्कत करता येईल; आल्याचा किंचित कीस आणि भाजलेले तीळ थोडे वाढवावे, एवढेच.

रंग फिका का पडतो

पिळलेल्या मुळ्यावर सर्वांत आधी, इतर काहीही घालण्यापूर्वी, दोन मोठे चमचे गोचुगारू टाकून हाताने हलके चोळावे आणि पाच ते दहा मिनिटे तसेच ठेवावे. काडीच्या पृष्ठभागावर जो ओलावा उरलेला असतो तेवढ्यात मिरचीची भरड फुगते, चिकटते आणि रंग मुळ्यात उतरतो. मीठ, व्हिनेगर, एकजॉत आधी घालून मग मिरची टाकली, तर ती त्या पातळ रसात तरंगत राहते आणि रसाबरोबरच तळाशी जाते. न पिळता करायच्या पहिल्या पद्धतीतही हाच क्रम ठेवावा: आधी मिरची, रंग चढल्यावर मीठ, साखर, व्हिनेगर. पुष्कळांची ‘फिके पडते’ ही तक्रार केवळ हा क्रम बदलल्याने दूर होते.

गोचुगारू दोन प्रकारची मिळते, भरड आणि बारीक. मुसेंगचेला भरड लागते. तिच्यातल्या बिया बहुतांशी काढलेल्या असतात, म्हणून ती लाल दिसते आणि तिखटपणा बेताचा राहतो. आपले घरचे लाल तिखट बारीक दळलेले आणि बियांसकट असते. ते ओलसर मुळ्यावर चिखलासारखे बसते आणि पाणी सुटल्यावर गढूळ रस होतो. गोचुगारू मिळत नसेल तर ब्याडगी किंवा काश्मिरी मिरच्यांचे देठ आणि बिया काढून त्या उन्हात किंवा मंद तव्यावर, रंग न बदलू देता, कडक कराव्या आणि मिक्सरच्या दोन-चार झटक्यांत भरड कराव्या. चव गोचुगारूसारखी थोडी फळासारखी, गोडसर येणार नाही, पण रंग आणि पोत जमतो. लवंगी किंवा संकेश्वरी मिरची या कामाला नको. रंगासाठी लागेल तेवढे प्रमाण घातले तर कोशिंबीर खाववणार नाही. उघडलेले गोचुगारूचे पाकीट फ्रीझरमध्ये ठेवावे, कोरियन घरांतही तसेच ठेवतात. बाहेर राहिलेली भरड काही महिन्यांत विटकरी होते आणि मग कोणताही क्रम पाळून लालभडक रंग येत नाही.

तेल, वास आणि फ्रिज

तिळाच्या तेलाचा प्रश्न थोडक्यात. ते आवश्यक नाही, आणि व्हिनेगर असलेल्या मुसेंगचेत मला ते आवडत नाही. घालायचेच असेल तर सगळे कालवून झाल्यावर, वाढताना काही थेंब घालावे. आधी घातले तर काड्यांवर तेलाचा थर बसून मसाला नीट लागत नाही. कोरियन तिळाचे तेल भाजलेल्या तिळांचे असते. आपले घाण्याचे तिळाचे तेल बहुधा कच्च्या तिळांचे असल्यामुळे त्याला तो खमंग वास नसतो, म्हणून त्यापेक्षा भाजून किंचित खलबत्त्यात ठेचलेले तीळ घालणे अधिक योग्य.

डबा उघडल्यावर येणारा गंधकासारखा वास हा मुळ्याचा स्वभाव आहे, तो बिघाड नव्हे. घट्ट झाकणाचा काचेचा डबा वापरला तर फ्रिजमधले दूध-लोणी वाचते. डबा फ्रिजच्या मागच्या भिंतीला किंवा बर्फाच्या कप्प्याच्या लगेच खाली ठेवू नये. तिथे मुळा थोडासा जरी गोठला तरी बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात, आणि वितळल्यावर जे पाणी सुटते त्याला मिठाचे प्रमाण जबाबदार नसते. काड्या अर्धपारदर्शक आणि लिबलिबीत दिसल्या तर हेच घडले असे समजावे.

व्हिनेगर न घातलेले मुसेंगचे दोन-तीन दिवसांत संपवावे. मुंबई-कोकणच्या हवेत ते बाहेर राहिले तर एका दिवसात आंबू लागते, बारीक बुडबुडे दिसतात आणि आंबट चव येते. इतक्याने ते टाकून द्यावे लागत नाही, ती किमचीच्या दिशेने झालेली वाटचाल असते. बुरशी आली किंवा कुजका वास आला तर मात्र सगळे टाकावे.

पाणी सुटलेच असेल तर

तयार पदार्थात पाणी साचले असेल तर वरून आणखी मिरची किंवा मीठ घालू नये. मिठाने आणखी पाणी सुटेल. काड्या चाळणीत काढून दहा मिनिटे निथळू द्याव्या, दाबू नये. मग त्यांना अर्धा ते एक चमचा कोरडी भरड मिरची, थोडी ताजी ठेचलेली लसूण, चिरलेली पात आणि तीळ लावून घ्यावे. खारटपणा कमी वाटला तर एकजॉतचे काही थेंब पुरतात. काड्या चवीला उतरल्या असतील तर नवा, न खारवलेला मुळा मूठभर काड्या करून त्यात मिसळता येतो. जुन्या काड्यांतला जास्तीचा खारटपणा तो वाटून घेतो, पण असे मिश्रण त्याच जेवणात संपवावे लागते.

निथळलेला लाल रस फेकू नये. बिबिमबापमध्ये मात्र तो ओतू नये, कारण त्या वाडग्यात आधीच भाज्यांचा ओलावा असतो आणि भात लगदा होतो. तिथे निथळलेल्या काड्याच घ्याव्या. थंड शेवयांना हा रस अधिक मानवतो. गव्हाच्या बारीक शेवया उकडून, थंड पाण्यात चोळून निथळाव्या आणि या रसात थोडे व्हिनेगर, चमचाभर गोचुजांग व तीळ मिसळून त्या कालवाव्या. रस फार खारट असेल तर त्यात काकडीच्या काड्या घालाव्या, त्यांचे सुटणारे पाणी या वेळी उपयोगीच पडते.